पश्चिम शाखा

फोनवरची मुलगी म्हणाली, “मैडम, आप बोले जानती हैं?” आणि लतिकाला वाटलं, वाक्य मध्येच तुटलं. गच्चीवर नेटवर्क असंच तुटायचं. मांडीवरच्या परातीत सोललेल्या मटारचा ढीग होता, टरफलं वर्तमानपत्रावर पडत होती, आणि विकास नगरच्या त्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर जानेवारीतलं पातळ ऊन आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या बायका होत्या. “कौन बोले?” तिनं विचारलं. “बोले, मैडम. लैंग्वेज है. नाइजीरिया वाली. मैं हेमा, हॉस्पिटल से. हमारे यहाँ एक पेशेंट हैं, सिर्फ़ यही बोलती हैं. यूनिवर्सिटी वालों ने आपका नंबर दिया, कहा आपने इसी में पीएचडी की है.” शेंगेतला एक दाणा निसटून कठड्यापर्यंत घरंगळत गेला आणि लतिका त्याच्याकडे बघत राहिली. ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून तिला तीसेक वर्षं झाली होती. तिचे पीएचडीचे सर गेले तेव्हापासून ते तिच्याशिवाय कुणी उच्चारलं नव्हतं, आणि तीही उच्चारत नव्हती. “मैंने पढ़ी है,” ती म्हणाली, “मुझे बोलनी नहीं आती.” हेमाच्या मागे कुणाचा तरी टोकन नंबर पुकारला जात होता. “पढ़ी है तो समझ तो लेंगी न, मैडम?” ती म्हणाली. त्यात कुठलाही खोचकपणा नव्हता. एवढा सरळ प्रश्न लतिकाला विद्यापीठातल्या तोंडी परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. परात बाजूला ठेवून ती उठली तेव्हा गुडघे कुरकुरले. खाली हॉलमध्ये सोनू कानात हेडफोन घालून ऑफिसचं काम करत होता. “मी जरा दवाखान्यात जाऊन येते रे,” ती म्हणाली. त्यानं एक कान मोकळा केला. “क्या हुआ मम्मी, तबीयत?” “माझी नाही. एक बाई आहे, आफ्रिकेतली.” “अच्छा,” तो म्हणाला आणि कान झाकून घेतला. तिनं मराठीत बोलायचं आणि त्यानं हिंदीत उत्तर द्यायचं ही त्यांची जुनी वहिवाट होती. त्यात आता कुणालाच काही खटकत नव्हतं.

टॅक्सी निशातगंजच्या पुलाखाली अडकली. समोर ई-रिक्षांची दाटी, त्यांच्या पुढे गाजरांची एक हातगाडी आडवी. लतिकानं डोळे मिटले आणि आपल्याला काय येतं हे आठवायचा प्रयत्न केला. जे आठवलं ते एक झाड होतं. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात शाई आणि पट्टी घेऊन तिनं ते हातानं काढलं होतं. सर्वांत वर चाडिक हे भाषाकुल. त्याच्या खाली फांद्या, पश्चिमेची, मधली, पूर्वेची. पश्चिम शाखेत एका अंगाला हाउसा, कोट्यवधी तोंडांतली, बाजारातली, रेडिओवरची. तिच्या शेजारी पण तिच्यापासून तुटक असा बोले आणि तंगालेचा गट. त्या गटाचेही पुन्हा दोन भाग: उत्तरेकडे बोले, न्गामो, कारेकारे, दक्षिणेकडे तंगाले, पेरो, देरा. लग्नानंतर सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं होतं की सून पश्चिम शाखेवर काम करते, आणि नवरा अभय बँकेत असल्यामुळे शेजारीण बरेच दिवस लतिकालाही बँकेतलीच समजत होती. नागपूरच्या इंदोऱ्यातून ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा सगळ्यांना आधीच ठाऊक होतं की ती कशावर काम करणार. आपल्या वस्तीतली बोली, आपल्या बायकांची भीमगीतं, आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या. विभागातली माणसं हे मायेनं सुचवत, आणि त्या मायेचाच तिला वीट आला होता. ग्रंथालयात एकदा चुकून हाती आलेल्या पुस्तकात तिनं चंद्राचे शब्द पाहिले. हाउसात ‘वाता’, आणि बोलेत, न्गामोत, कारेकारेत ‘तेरे’. ही माणसं आपल्याला ओळखत नाहीत, असं तिला वाटलं, आणि फार हलकं वाटलं. इथं तिच्या आडनावावरून कुणी विषय ठरवून देणार नव्हतं. सर आधी हसले, मग त्यांनीच परदेशात पत्र लिहून टेप मागवल्या. त्या टेपांमध्ये एक पुरुष होता. तो प्रत्येक शब्द तीनदा म्हणायचा. कान, कान, कान. हाड, हाड, हाड. मागे कुठेतरी कोंबडा आरवायचा आणि एक मूल खोकायचं. चार वर्षं ती त्या माणसाच्या आवाजात राहिली आणि त्या चार वर्षांत तो कुणाशी काही बोलला नाही. वाक्य असं त्यात नव्हतंच. हाउसात मरण्याला ‘मुतू’ म्हणतात हे तिनं पहिल्या चर्चासत्रात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं तोंडावर हात धरून फिदीफिदी हसली होती. ते हसणं तिला आज, छावणीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडीनं वेग घेतला तेव्हा, उगाचच आठवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुना लावलेली झाडांची खोडं एकसारखी मागे जात होती.

हेमा दारातच उभी होती. पंचविशीची, निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. तिनं लतिकाला लिफ्टशेजारच्या एका खोलीत नेलं, पाणी दिलं, आणि बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. पेशंटचं नाव अदामा. साठीच्या पुढची. पोटात गाठ. तिचा पुतण्या बुकार लखनौतच शिकायला होता, त्यानंच तिला इथं आणलं. त्यानंच तिला लहानाचं मोठं केलं, असं हेमा म्हणाली आणि मग चूक सुधारली, “मतलब, इन्होंने उसको पाला है.” तो रात्रंदिवस इथंच असायचा. परवा सकाळी तिच्या औषधांसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि रिंग रोडवर त्याला ट्रकनं उडवलं. जागेवरच गेला. दूतावासाला कळवलंय. तिचा मुलगा तिकडून निघायच्या खटपटीत आहे, व्हिसाला वेळ लागेल. “इनको नहीं बताया है,” हेमा म्हणाली. “सर्जरी कल सुबह है. डॉक्टर साहब ने मना किया है.” बुकारचा सानी नावाचा एक मित्र होता, तो हाउसातून दुभाष्याचं काम करायचा, अदामाला थोडी हाउसा येत होती. कालपासून तो यायला तयार नाही. “क्यों?” लतिकानं विचारलं. हेमानं गळ्यातल्या पट्टीशी चाळा केला. “कह रहा है, वो पूछेंगी तो मैं झूठ नहीं बोल पाऊँगा.” आणि सानी येत नाही म्हटल्यापासून बाईंनी हाउसासुद्धा सोडली होती. खात नव्हत्या. सही करायला कागद पुढे केला की तोंड फिरवत होत्या.

डॉक्टर ऋषभ तरुण होते आणि दमलेले होते. त्यांनी लतिकाला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. “मैम, बस इतना पता कर दीजिए कि ऑपरेशन के लिए राज़ी हैं या नहीं. भतीजे का पूछें तो कहिए काम से बाहर गया है. बीपी पहले ही ऊपर है. चार दिन की बात है, फिर हम ख़ुद बताएँगे, आराम से.” त्यांच्या बोलण्यात काळजी होती. “मी” असं मराठीत सुरू करून लतिका थांबली, आणि हिंदीत म्हणाली की आपण त्या भाषेतलं एकही वाक्य आजवर बोललेलो नाही. डॉक्टर हसले. “हम लोग भी किताब पढ़ के ही आए थे, मैम.”

खोलीत दोन खाटा होत्या, एक रिकामी. खिडकीशी अदामा उशीला टेकून बसली होती. अंगावर इस्पितळाचा फिका झगा आणि डोक्याला मात्र तिचं स्वतःचं जांभळं फडकं, घट्ट बांधलेलं. चेहरा मोठा, शांत, गालांची हाडं वर आलेली. आया म्हणून कैसरजहाँ होती, पन्नाशीची, स्वेटरवरून दुपट्टा कमरेला खोचलेला. तिनं स्टूल पुढे सरकवलं. “आइए बाजी. देखिए आप ही से कुछ कहें तो कहें. हमसे तो बस अम्मा-अम्मा करती रहती हैं. इस उमर में भी माँ याद आती है बेचारी को. हम कहते हैं, हाँ अम्मा, हाँ अम्मा, तो और चिढ़ जाती हैं.” लतिका स्टुलावर बसली. काय म्हणून सुरुवात करावी ते तिला कळेना. टेपवरच्या माणसानं नमस्काराचा शब्द कधी सांगितलाच नव्हता. तिनं नुसते हात जोडले. म्हातारीनं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागच्या टेबलाकडे, आणि कोरड्या आवाजात म्हणाली, “अम्मा.” कैसरजहाँनं मान हलवली, बघा, अशा अर्थी. लतिकाच्या डोक्यात काहीतरी फार मागे, धुळीतून, सरकलं. हाउसात पाणी म्हणजे ‘रुवा’. हाउसा इथं एकटी पडते, घरातल्या बाकीच्या भावंडांकडे ‘अम्’ आहे, पार पूर्वेकडच्या फांद्यांपर्यंत. आणि बोलेत त्याचं झालंय ‘अम्मा’. तिच्या तक्त्यात तो शब्द वरून दुसऱ्या ओळीत होता. “पानी,” ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला चिरका वाटला. “पानी माँग रही हैं. उनकी ज़बान में पानी को अम्मा कहते हैं.” कैसरजहाँनं तोंडावर हात नेला. “या अल्लाह. दो दिन से!” पाण्याची बाटली होती, पण ती दाराजवळच्या टेबलावर, म्हातारीच्या हाताला न येणारी, जेवणाबरोबर पेला मिळत होता तेवढाच. कैसरजहाँनं पेला भरून तिच्या ओठांशी धरला, म्हातारीनं तो हातातून काढून घेतला आणि स्वतः प्यायली. एक, आणि आणखी एक. दुसरा पेला रिकामा करून तिनं लतिकाकडे पाहिलं. त्या पाहण्यात आभार नव्हते. आता कुणीतरी आलं, एवढंच होतं.

त्यानंतर ती बोलू लागली, आणि लतिकाला काही कळेना. टेपवरच्या माणसाचे शब्द सुटे होते, धुतलेल्या वाटाण्यांसारखे. इथं ते एकमेकांत मुरून गेले होते. एखाद्या लग्नात अनोळखी चेहऱ्यावर आपल्या आत्याचं नाक दिसावं तसं मधूनच काही ओळखीचं वाटायचं आणि तोवर ते माणूस गर्दीत पुढे गेलेलं असायचं. एकदा तोंडाचा शब्द, एकदा बहुधा हाडाचा किंवा रात्रीचा. लतिका मान हलवत राहिली आणि आपण फसवतो आहोत हे तिला समजत होतं. या बाईच्या भाषेची बहीण कोण, चुलत बहीण कोण, कुठल्या व्यंजनाचं कुठं काय झालं, हे तिनं चारशे पानं लिहून सिद्ध केलं होतं. न्गामोच्या एका बोलीत तर सगळे सूर एकेक अक्षर पुढे सरकले आहेत. बोलेत जो चढ पहिल्या अक्षरावर असतो तो तिथं दुसऱ्यावर येऊन पडतो. त्यावर तिनं एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातलं होतं, आणि रात्र रात्र त्या सरकण्यात तिला कसलंसं सुख वाटलं होतं. समोरची म्हातारी मात्र काहीतरी एकच पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि दरवेळी थोडं सावकाश, जशी आपण बहिऱ्या माणसाशी बोलतो तशी. मग तिनं झग्याची बाही नीट केली. आणि लतिकाच्या डोळ्यांत बघत एक छोटं वाक्य म्हणाली. त्यात बुकारचं नाव होतं. आणि त्यापुढे एक म होता आणि एक त होता.

लतिकाला ते कळलं. भाषांतर करावं लागलं नाही. पायाखालची पायरी संपली की पायाला कळतं तसं कळलं. हा धातू सगळ्या घराण्यात टिकलेला होता. हाउसात, बोलेत, कारेकारेत, पूर्वेकडच्या भाषांत, स्वर बदलत गेले पण म आणि त कुणी टाकले नाहीत. शाखेच्या बाहेर, दूरच्या अरबीत, हिब्रूत, फारच मागे जुन्या इजिप्शियन लेखांत तेच दोन. मराठीतला ‘मृत’ तसा दिसतो, पण तो त्यांचा कोणी नाही, नुसता चेहरा सारखा. हे ती शिकवायची तेव्हा वर्गात दरवर्षी सांगायची आणि मुलं दरवर्षी निराश व्हायची. म्हातारीनं वाक्याचा शेवट किंचित वर उचलला होता. बुकार मेला का, असं ती विचारत होती. लतिकानं मागे वळून पाहिलं. कैसरजहाँ चादरीची घडी घालत होती, तिचे हात थांबले होते. “बाजी, बुकार का नाम लिया न?” तिनं हळूच विचारलं. “तुम लोगों ने इनके सामने कुछ कहा था?” लतिका म्हणाली. “हम लोग तो हिंदी में—” कैसरजहाँ म्हणाली आणि थांबली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. “परसों, जब ख़बर आई, हम और सिस्टर यहीं खड़े थे, खाट के पास. हमने कहा था, हाय, बुकार की मौत हो गई. हमने सोचा इनको क्या समझ आएगा.” मौत. लखनौच्या प्रत्येक गल्लीतला शब्द, अरबीतून फारसीत, फारसीतून इथं आलेला, त्या म्हातारीच्या धातूचा दूरचा नातलग. तिनं तो नमाजात ऐकला असेल, जनाज्यात ऐकला असेल, आणि त्याच्याखाली तिच्या आईचा तो दुसरा, जुना शब्द असेल. दोन दिवस ती तो घेऊन या खाटेवर बसली होती. तिला माहीत होतं. तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

बाबा गेले तेव्हा भावाचा फोन आला होता, “सीरियस आहेत, लवकर निघ.” लतिकानं दोन साड्या पिशवीत टाकल्या, आणि बाबांना आवडते म्हणून चौकातल्या दुकानातून रेवडीचा डबा घेतला. लखनौ ते नागपूर रात्रभराचा प्रवास. अभय समोरच्या बर्थवर होता. कानपूर गेलं, झाशी गेली. त्यानं तिला चहा दिला, शाल पायांवरून ओढून दिली, “झोप थोडी, उद्या धावपळ राहील,” म्हणाला. ती डॉक्टरांबद्दल बोलत होती, दुसरं मत घ्यावं का, बाबांना इकडं आणावं का. तो “हो, बघू ना” म्हणत होता. इटारसीला त्यानं संत्री घेतली आणि एकेक सोलून, दोरे काढून, फोडी तिच्या हातावर ठेवल्या. ती खात होती. नागपूरच्या फलाटावर मावशी पांढऱ्या साडीत उभी दिसली तरी लतिकानं मनाशी म्हटलं, आज पौर्णिमा असेल, विहारात जाऊन आली असेल. पांढरी साडी तर ती नेहमीच नेसायची. इंदोऱ्याच्या वळणावर घरासमोरचा मांडव दिसला तेव्हा तिनं हातातला रेवडीचा डबा अभयकडे दिला आणि त्यानं तो घेतला, काही न बोलता, आणि त्या घेण्यावरून तिला कळलं की त्याला ठाऊक आहे, लखनौपासून ठाऊक आहे. सगळ्या गाडीभर ती एका मेलेल्या माणसाच्या उपचारांबद्दल बोलत आली होती, आणि तो ऐकत होता. त्रिशरण सुरू झालं तेव्हा सगळे रडले. तिला रडू आलं नाही. ते कधीतरी पुढच्या पावसाळ्यात, भांडी घासताना आलं. अभयला ती याबद्दल कधी काही बोलली नाही. त्यानं चांगल्या हेतूनं केलं होतं. आणि चांगल्या हेतूला काय बोलणार?

डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असेल. रक्तदाब, उद्याची सकाळ, गाठ. शिवाय हे तिचं कामही नव्हतं. तिला फक्त होय-नाही विचारायला बोलावलं होतं. कळलं नाही असं दाखवणं सोपं होतं. त्यात खोटंसुद्धा फारसं नव्हतं, दहातले नऊ शब्द तिला खरोखरच कळले नव्हते. म्हातारी वाट पाहत होती. घाई नव्हती तिला. हात मांडीवर पालथे ठेवलेले, नखांवर मेंदीचा उडालेला रंग. लतिकाला वाटलं, मी आता “काम से बाहर गया है” म्हटलं तर ही मान हलवील, मी ज्या फोडी खाल्ल्या तशा ही त्या खाईल, आणि आम्ही दोघी इथं चार दिवस बसून राहू. तिनं ओठ ओले केले. तिनं तोच धातू उच्चारला, त्याच्याआधी बुकारचं नाव. शेवट वर उचलला नाही, खाली ठेवला. सूर चुकला असणार. प्रत्ययही चुकला असणार. सर असते तर त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल केला असता. तरीही वाक्य झालं. आयुष्यात त्या भाषेत तिनं एका माणसाला सांगितलेलं पहिलं वाक्य हे होतं.

अदामा म्हणाली, “इन्ना लिल्लाहि...” मृत्यू ऐकल्यावर म्हणायच्या त्या आयतीचे पुढचे शब्द मागून कैसरजहाँनं पुरे केले, “...व इन्ना इलैहि राजिऊन.” दोघींचे उच्चार वेगळे होते. कैसरजहाँ घडी घातलेली चादर घेऊन तशीच पुढे आली आणि खाटेच्या कडेवर बसली, जे आयांना मना होतं, आणि तिनं म्हातारीचं डोकं आपल्या स्वेटरला टेकवून घेतलं. म्हातारी रडली. आवाज फार मोठा नव्हता. लतिका स्टुलावर होती तिथंच बसून राहिली. आपल्याला काय वाटतंय हे तिनं तपासून पाहिलं आणि तिला विशेष काही सापडलं नाही. फक्त पाठ ताठ झाली होती, आणि खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेताना वाजणारी शिट्टी तिला फार स्पष्ट ऐकू येत होती.

डॉक्टर आले ते कुणीतरी सांगितल्यावर आले. त्यांनी आधी रक्तदाब बघितला, नर्सला काहीतरी सांगितलं, मग लतिकाला बाहेर बोलावलं. “मैम, मैंने आपसे एक ही बात कही थी.” “उन्हें मालूम था,” लतिका म्हणाली. “उन्होंने पूछा.” “आप कह देतीं समझ में नहीं आया.” “हाँ,” ती म्हणाली. “कह सकती थी.” त्यांनी कपाळ चोळलं. ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल, गाठ थांबत नसते, याची जबाबदारी कोण घेणार, असं ते बोलत राहिले, आणि ते सगळं खरं होतं. लतिकानं ऐकून घेतलं. हेमा भिंतीशी उभी राहून जमिनीकडे बघत होती. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. आठवड्यानंतर मुलगा आला, त्याच्याशी बोलून अदामानं कागदावर अंगठा उमटवला, गाठ निघाली. त्या आठवड्यानं गाठीचं काही बिघडलं की नाही हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मायलेक परत गेले, बुकारला त्याआधीच लखनौच्या मातीत पुरलं होतं, सानी आणि त्याच्या मित्रांनी खांदा दिला होता. हे सगळं लतिकाला हेमाकडून फोनवर कळलं. पण सांगितलं त्याच दिवशी संध्याकाळी घरी ती अभयला म्हणाली होती, “मी सांगून टाकलं तिले.” घरात, दमली की तिच्या तोंडी नागपूर यायचं. अभय ताटात भात कालवत होता. भात तसाच ठेवून तो म्हणाला, “तेव्हा तुलेही सांगायला पाहिजे होतं का मी?” ती म्हणाली, “हो.” त्यानं मान हलवली. सोनूनं एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी डॉक्टर गेल्यावर ती पर्स घ्यायला पुन्हा खोलीत गेली. निघायचंच होतं. अदामानं उशीवरून हात उचलला आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. लतिका बसली. कैसरजहाँनं पायावर पांघरूण घातलं आणि ती दुसऱ्या वॉर्डात गेली. म्हातारी छताकडे बघत बोलू लागली. आता ती विचारत नव्हती, सांगत होती. मधूनमधून बुकारचं नाव यायचं. एकदा तिनं हात खाटेपासून वीतभर उंचीवर धरला, मग दोन हात, मग स्वतःच्या खांद्याच्या वर. एकदा चंद्राचा शब्द आला, म्हणजे रात्रीचं काही असेल, किंवा महिन्याचं. एकदा ती हसली. लतिका आधी प्रत्येक शब्दाला त्याच्या घरापर्यंत पोचवायला धडपडत होती, हा उत्तरेकडचा, हा हाउसातून उसना घेतलेला, याचा पहिला स्वर असा का. आणि तेवढ्यात पुढचे दहा निघून जात होते. कधीतरी तिनं ते सोडून दिलं. खिडकीतलं ऊन रिकाम्या खाटेवर सरकलं. म्हातारी थांबली, मान वळवून तिच्याकडे बघू लागली. ती काही विचारत होती असं वाटलं नाही. मग लतिकाच्या ध्यानात आलं, ऐकणाऱ्यानं काहीच आवाज केला नाही तर सांगणाऱ्याला पुढे जाता येत नाही.

“हं,” लतिका म्हणाली.

अदामानं मान पुन्हा उशीवर टेकली आणि पुढचं सांगू लागली.